ग्रीन कार्डाची रांग आणि ‘ती तसली माणसं’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. २०१० पासून न्यू जर्सीत राहते. नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आला, मी आणि तीन वर्षांचा मुलगा एच-फोरवर, म्हणजे त्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुलगी इथे जन्मली, त्यामुळे घरात ती एकटीच अमेरिकन नागरिक. दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक) लागलं की मला फोन येतात. मंडळातल्या नव्या मुली विचारतात, पुण्याहून भाचे विचारतात, सासरकडची मोठी मंडळी विचारतात. निम्मे प्रश्न रांगेबद्दलचे असतात आणि निम्मे इतर लोकांबद्दलचे: मेक्सिकन, मुसलमान, ‘ते चोरून आलेले’. ही दोन बोलणी एकाच फोनवर, एकामागोमाग होतात, म्हणून उत्तरंही एकाच जागी लिहिते आहे. हे डिसेंबर २०२५ मधलं लिखाण आहे. मी वकील नाही. अर्ज करायचा असेल तर वकिलाला विचारूनच करा.

पंधरा वर्षं झाली, अजून ग्रीन कार्ड कसं नाही? काही चुकलं का तुमचं?

काहीही चुकलेलं नाही. हा प्रश्न ऐकला की नवरा गप्प होतो, म्हणून आधी हेच सांगते.

नोकरीच्या आधारावर द्यायच्या ग्रीन कार्डांची संख्या १९९० च्या कायद्यानं ठरवली: वर्षाला १ लाख ४० हजार. पस्तीस वर्षांत तो आकडा बदललेला नाही. त्यात नवरा, बायको आणि मुलं अशी प्रत्येक व्यक्ती वेगळी मोजली जाते, म्हणजे आमच्या घराला तीन लागतात. त्यावर आणखी एक अट: कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं द्यायची नाहीत. दीडशे कोटींच्या जवळपास लोकसंख्येच्या भारताला ७ टक्के आणि चार लाखांच्या आइसलँडलाही ७ टक्के. बाकीच्या देशांची कार्डं उरली तर ती पुढे सरकतात, पण दरवर्षी तेवढी उरतातच असं नाही.

तुमचा अर्ज ज्या दिवशी लेबर खात्याकडे दाखल झाला ती तुमची ‘प्रायॉरिटी डेट’. आमची नोव्हेंबर २०१४, ईबी-टू (उच्चशिक्षितांचा गट). डिसेंबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारताच्या ईबी-टूची तारीख २०१३ मधली होती. वाटेल की दीड-दोन वर्षांचंच अंतर उरलं. पण ही तारीख काही महिने पुढे जाते, मग महिनोन्‌महिने जागची हलत नाही, आणि मागेही येते. या मागे येण्याला ‘रेट्रोग्रेशन’ म्हणतात. २०२२ च्या सप्टेंबरात आमच्या ओळखीच्यांतले काहीजण मेडिकल करून, फोटो काढून तयार बसले होते आणि पुढच्या काही महिन्यांत तारीख दोन वर्षांहून जास्त मागे गेली.

तुमच्या मैत्रिणीला तर तीन वर्षांत मिळालं म्हणे?

मिळालं, कारण तिचा जन्म मस्कतचा. वडील तिथे नोकरीला होते. ती वाढली कोल्हापुरात, पासपोर्ट भारतीय, बोलते आमच्यासारखीच. पण हा हिशोब जन्मस्थळावर होतो, नागरिकत्वावर होत नाही, म्हणून ती ओमानच्या खात्यात धरली गेली आणि लग्नाच्या नात्यानं तिचा नवराही. तिच्याबद्दल मला असूया वाटली होती, हे मी तिलाही सांगितलं आहे. तिचा यात काहीच दोष नाही.

एवढा जाच आहे तर परत का येत नाही?

हे विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, ते मला कळतं. परत गेलेलीही माणसं आहेत आणि त्यांचं छान चाललं आहे.

आमचं असं झालं की दरवेळी ‘आता दोनच वर्षं’ असं वाटलं. एच-वन-बी मुळात सहा वर्षांचा. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर असेल तर तो तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो, आणि माणूस त्या तीन वर्षांत जगत राहतो. घर घेतलं, मुलांच्या शाळा झाल्या. नोकरी गेली तर हातात ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर घर, गाडी, शाळा सगळं आवरून निघायचं. नवऱ्यानं अकरा वर्षांत दोनदा चांगल्या नोकऱ्या नाकारल्या, कारण नव्या कंपनीत लेबर खात्याची मंजुरी आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. (तारीख आपली राहते, पण फाइल नव्यानं करायची.) मी पहिली पाच वर्षं घरी होते. हाताशी एम.एस्सी. होती, काम करायची परवानगी नव्हती. मे २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराचं आय-१४० मंजूर आहे अशा एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळू लागलं तेव्हा मी नोकरीला लागले. पहिल्या पगाराची स्लिप अजून माझ्या डब्यात आहे.

आणि प्रवास. माझे वडील २०२१ मध्ये गेले तेव्हा माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपलेली होती. गेले असते तर परत यायला मुलाखतीची तारीख मिळवावी लागली असती, आणि त्या तारखा तेव्हा कित्येक महिने पुढच्या होत्या. दहा वर्षांची मुलगी इथे होती. मी गेले नाही. दिवस फोनवर बघितले. भावानं फोन एका तांब्याला टेकवून ठेवला होता, आणि मध्येच तो घसरला तेव्हा मला बराच वेळ फक्त वाड्याचं छत दिसत होतं.

मुलगा २१ वर्षांचा झाला की काय होतं?

तो आमच्या अर्जातून बाहेर पडतो. एच-फोरही संपतो. मग त्यानं स्वतःचा एफ-वन व्हिसा घ्यायचा, परदेशी विद्यार्थी म्हणून, ज्या देशात तो अंगणवाडीपासून शिकला तिथेच. २००२ च्या एका कायद्यानं थोडा दिलासा मिळतो: आय-१४० जितके दिवस प्रलंबित होतं तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. आमच्याकडे ते पंधरा दिवस आहेत, कारण आम्ही जास्तीचे पैसे भरून लवकर निर्णय घेतला होता. तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

मुलगा आता अठरा वर्षांचा आहे. कॉलेजचा फॉर्म भरताना ‘नागरिकत्व’ या रकान्यापाशी थांबला आणि मला म्हणाला, “आई, मी इंटरनॅशनल आहे का गं?” बहीण शेजारी बसून टोस्ट खात होती. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोन मुलं.

आपण कायद्यानं आलो, ते भिंतीवरून उड्या मारून आले. त्यांच्यामुळेच आपलं अडतं ना?

नाही. या पानावरचं हे एकच उत्तर नीट वाचलंत तरी मला पुरे आहे.

नोकरीच्या ग्रीन कार्डांचे १ लाख ४० हजार आकडे कायद्यात वेगळे बांधलेले आहेत. कागदपत्रांविना आलेला माणूस त्यातला एकही आकडा घेत नाही. आमच्या पुढे उभी असलेली माणसं कोण? हैदराबादची, पुण्याची, चेन्नईची, आमच्यासारखीच. रांग तुंबली ती ७ टक्क्यांच्या अटीमुळे आणि १९९० च्या आकड्यामुळे. ७ टक्क्यांची अट बदलण्याचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, डिसेंबर २०२० मध्ये सेनेटनं वेगळ्या मसुद्यानं मंजूर केलं, दोन मसुदे जुळले नाहीत आणि ते बारगळलं. त्या रात्री आमच्या ग्रुपवर मेक्सिकन लोकांना शिव्या देणारे संदेश आले. सेनेटचा आणि त्या लोकांचा काय संबंध, हे मी तेव्हाही विचारलं होतं.

‘त्यांनी पण रांगेत उभं राहावं’ असं आपण सहज म्हणतो. कुठल्या रांगेत? गेल्या वर्षी आमचं छप्पर बदललं. एका दिवसात पाच माणसांनी जुनी शिंगल्स उपटून नवी ठोकली. जुलैचं ऊन होतं, मी पन्हं दिलं. ग्वाटेमालाहून आलेला एकजण ते पिऊन वेलदोड्याकडे बोट दाखवून हसला, कारण वेलदोडा त्याच्या गावी पिकतो. (ग्वाटेमाला वेलदोड्याच्या उत्पादनात जगात अगदी वरच्या देशांत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.) अशा माणसासाठी, ज्याच्याकडे डिग्री नाही आणि इथे जवळचं नातेवाईक नागरिक नाही, ग्रीन कार्डाची वाट जवळपास नाहीच. अकुशल कामगारांच्या गटात साऱ्या जगातून मिळून वर्षाला १० हजारांच्या वर कार्डं नाहीत, आणि तीही कंपनीनं अर्ज केला तरच. शिवाय १९९६ च्या कायद्यानं, जो एक वर्षाहून जास्त काळ परवान्याविना इथे राहिला तो देश सोडून गेला तर दहा वर्षं परत येऊ शकत नाही. म्हणजे ‘परत जा आणि नीट या’ हा मार्गच बंद.

कायदा मोडला हे खरं. पण माझा राग ज्या कायद्यावर आहे, त्याच कायद्यानं त्याची वाटही अडवली आहे.

पण ती माणसं गुन्हेगारच जास्त असतात ना?

टेक्सास राज्यात अटक झालेल्या माणसाचा स्थलांतराचा दर्जा तपासला जातो. त्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासांत कागदपत्रांविना राहणाऱ्यांचं गुन्ह्यांचं प्रमाण इथे जन्मलेल्यांपेक्षा कमी निघालं आहे. एखादा भयंकर गुन्हा होतो, त्याची बातमी महिनाभर फिरते, आणि आपल्याला सगळे तसे वाटू लागतात.

सप्टेंबर २०२४ आठवा. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमधले हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, असं अध्यक्षपदाच्या वादसभेत सांगितलं गेलं. शहराच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केलं की याला कसलाही विश्वासार्ह पुरावा नाही. त्यातले बहुतेक लोक रीतसर परवानगीनं राहत होते. तरी बॉम्बच्या धमक्यांमुळे शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. आमच्या ग्रुपवर त्या मांजरांचे विनोद आले, आणि ते पाठवणारे सगळे आपलेच.

आणि ‘मेक्सिकन’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांसाठी एक आठवण. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले, इंग्रजांचा ससेमिरा मागे लागला. त्यांना आसरा दिला तो मेक्सिकोनं. तिथल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी मक्यावर काम केलं, आणि तिथला नामवंत चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं.

आपल्याबद्दल एकदम एवढा राग का आला?

एकदम आलेला नाही, पण २०२५ मध्ये तो उघड झाला. १९ सप्टेंबरला नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ती शुक्रवारची संध्याकाळ होती. नियम नेमका कुणाला लागू हे कळायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर बहिणीच्या लग्नाला पुण्यात गेलेल्या आमच्या शेजाऱ्यानं हळदीच्या मांडवातून उठून विमान गाठलं होतं. नंतर कळलं, त्याला ते लागूच नव्हतं.

रागातलं खरं काय ते मान्य करायला हवं. २०१५ च्या सुमारास काही अमेरिकन कंपन्यांनी जुन्या कर्मचाऱ्यांना काढलं आणि जाण्यापूर्वी त्यांच्याकडूनच एच-वन-बीवर आलेल्यांना काम शिकवून घेतलं. त्या माणसांचा संताप मला समजतो. काही कन्सल्टन्सी एकाच उमेदवाराची नोंद चार-पाच कंपन्यांतून करून एच-वन-बीच्या लॉटरीत त्याच्या चिठ्ठ्या वाढवत होत्या. २०२४ मध्ये निवड माणसामागे एकच होऊ लागली, तेव्हा ते बरंच थांबलं. पण त्यावरून ‘भारतीय म्हणजे खोट्या डिग्रीचे, स्वस्त मजूर, वास मारणारे’ इथवर जाणं म्हणजे चार जणांचं खापर पन्नास लाखांवर फोडणं. माझ्या मुलीच्या डब्यातल्या मेथीच्या पराठ्यावरून तिला काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. ती आता सँडविच नेते.

हे आपल्या लोकांच्या बाबतीत पूर्वीही झालं होतं का?

हो, आणि हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियात शिकायला आल्या, त्याच्या आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला होता. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना जमावानं मारून शहराबाहेर काढलं. १९१७ च्या कायद्यानं भारतासकट बहुतेक आशियाला दारं बंद झाली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते, त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णो दास बगाई त्यांपैकी एक. त्यांनी १९२८ मध्ये जीव दिला. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. खरं दार उघडलं ते १९६५ मध्ये, आणि त्या कायद्यामागे काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा मोठा जोर होता. आपल्यातलं कुणी काळ्या माणसांना ‘कल्लू’ म्हणतं तेव्हा मला १९६५ आठवतं.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर जर्सी सिटी आहे. १९८७ मध्ये तिथे ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी होती. डॉट म्हणजे आपलं कुंकू. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं होतं की भारतीयांना शहरातून हाकलू, फोनबुकात पटेल आडनाव शोधून घरं गाठतो. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना तरुणांच्या टोळक्यानं मरेस्तोवर मारलं. ते पारशी होते. कपाळाला काही लावण्याचा प्रश्नच नव्हता. भारतीय दुकानांच्या ओकट्री रोडवर जुनं दुकान असलेल्या एका काकूंनी मला सांगितलं की त्या वर्षी त्या घराबाहेर पडताना कुंकू पुसायच्या आणि परत आल्यावर आधी आरशासमोर जाऊन लावायच्या. सांगताना त्यांचा अंगठा आपोआप कपाळाकडे गेला.

आपण मुसलमान नाही, हे आधीच सांगितलेलं बरं नाही का?

कुणाला सांगणार? ११ सप्टेंबर २००१ नंतर चार दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसामध्ये बलबीर सिंग सोधी यांना फेट्यामुळे गोळी घातली. ते आपल्या पेट्रोल पंपासमोर फुलझाडं लावत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सासच्या ओलेथामध्ये इंजिनिअर श्रीनिवास कुचिभोतला यांना मारणाऱ्याला ते इराणी वाटले. आणि ‘आम्ही ते नाही’ या वाक्याचा दुसरा अर्थ असा की ‘ते’ असते तर चाललं असतं. आमच्या मुलाच्या वर्गातला लाहोरकडचा मुलगा आमच्याकडे पुरणपोळी खायला येतो. त्याच्यासमोर हे वाक्य कसं म्हणू?

‘भारतीय हुशार आणि मेहनती’ असं म्हणतात, त्यात काय वाईट?

गणितात नापास झालेल्या भारतीय मुलाच्या आईला विचारा. आणि हे कौतुक बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी हिणवायला केलेलं असतं.

मुंबईतल्या परप्रांतीयांचं वेगळं आहे ना पण?

भाचा नेहमी हे विचारतो. भाषेचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. मराठीत बोला, मराठी शिका, पाट्या मराठीत लावा, हे मी इथूनही म्हणेन. पण टॅक्सीवाल्याला, भाजीवाल्याला ‘हे भय्ये सगळे सारखेच’ म्हणताना थांबायला हवं. इथे मला कुणी ‘यू पीपल’ म्हटलं की कानशिलं तापतात, आणि तेच मी साताऱ्यात असताना कितीदा म्हटलं आहे ते आठवतं.

आमच्या ओळखीचा एक एजंट मेक्सिकोमार्गे नेतो म्हणतो. जावं का?

नाही. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब कॅनडाच्या हद्दीत बर्फात गोठून मेलं, त्यात दोन मुलं होती. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानातून बेड्या घालून १०४ भारतीयांना परत आणलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. ती माणसं वाईट होती म्हणून हे सांगत नाही. जमीन विकून गेलेली, फसवली गेलेली माणसं होती. एजंटाला पैसे देऊ नका.

सासूबाई उन्हाळ्यात येणार आहेत. कुंकू लावून बाहेर पडू द्यावं का?

हो. माझ्या सासूबाई रोज लावून चालायला जातात. बरोबर पासपोर्टची फोटोकॉपी आणि घरचा पत्ता लिहिलेलं कार्ड असू द्या, आणि फोन चार्ज केलेला. समोरच्या घरातल्या पोर्तुगीज आजी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जातात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

तुमचा नंबर कधी लागेल?

मुलगा २०२८ मध्ये २१ वर्षांचा होईल, त्यातून पंधरा दिवस वजा. पुढचं बुलेटिन आलं की बघू.